रस्त्यापलीकडचा मारुती

अण्णा, इतक्या उशिरा लिहितो आहे याची आधी माफी मागतो. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुम्हाला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस घरात माझ्याशिवाय उरलेलं नाही. मला लिहिण्याची सवय नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. आठवीला शाळा सुटली आणि पुढचा सगळा जन्म नई सडकवर तसबिरींना काचा बसवण्यात गेला. तिथे लिहायचं ते पुठ्ठ्याच्या मागे गिऱ्हाइकाचं नाव, एवढंच. तेव्हा काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. एक गोष्ट अशी आली आहे की ती तुम्हालाच विचारावी लागते. तुम्ही हातावर पाणी घेऊन मारुतीसमोर शपथ घेतली होती, स्वतःची आणि माझीही. ती माझ्यावरून उतरवता येते का? त्या दिवशी तिथे उभा असलेला एकही माणूस आता हयात नाही, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता.

आधी घराचं सांगतो, कारण हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली भाड्याची जागा सोडून मी मारुतीजवळ प्लॉट घेतला. तुमच्या वेळी तिथे पेरूच्या बागा होत्या आणि बागांना पाणी देणारी पायऱ्यांची बावडी होती. पुढे बागा गेल्या. बावडीत कुणी पडलेल्या भिंतींचा मलबा ओतला, वर मुरूम पसरला, आणि आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा सगळं तळहातासारखं सपाट होतं. बावडी नेमकी कुठे होती ते मी विचारलं नाही. मारुती जवळ आहे, अण्णांचा मारुती, एवढंच बघितलं. आता मुलगा आणि सून पुण्याला असतात आणि मी नातवाकडे, याच घरात. नातू, नातसून आणि नुकती बसायला लागलेली पणती. घराची मागची खोली थंड आहे. ग्वाल्हेरचा जेठ तुम्हाला काय सांगायचा. माणूस गच्चीवर पापडासारखा भाजतो, पण त्या खोलीत फरशीवर उघडा पाय ठेवला की बरं वाटतं. कूलर लागत नाही. मिठाची बरणी तिथे ठेवली तर मिठाला पाणी सुटतं. शेजारपाजारचे कौतुक करतात, नाना, तुमच्या घरात तर शिमला आहे. म्हणूनच पोरीचा पाळणा त्या खोलीत टांगला आहे.

नातसून इंदूरची. नकाशांच्या एका ऑफिसात नोकरी करते, पण तुमच्यासारखं शाई आणि रेघांचं काम नाही. मागच्या पावसाळ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला एका घराची खोली भर दुपारी खाली बसली. माणसं ओसरीत जेवत होती म्हणून वाचली. खणून पाहिलं तर खाली भरून टाकलेली जुनी बावडी निघाली. मग वरून हुकूम आला की संस्थानच्या वेळचे नकाशे काढा, आणि अशा किती विहिरी आणि बावड्या आज कुणाकुणाच्या घराखाली आहेत ते शोधा. कागद भोपाळलाच आहेत, तुमच्या हातांनी बांधून गेले तिथेच. त्यांचे फोटो काढून इथल्या कॉम्प्युटरमध्ये आणले. आता ही पोर काय करते, तर जुन्या नकाशावरची न हललेली एखादी जागा धरते, बाड्याच्या चौकातल्या इमारतीचा कोपरा म्हणा किंवा नाल्यावरचा पूल, आणि आभाळातून घेतलेल्या आजच्या फोटोत तीच जागा शोधून दोन्हीकडे खूण करते. अशा खुणा पुरेशा झाल्या की जुना नकाशा नव्यावर जाऊन बसतो आणि त्यातून आरपार दिसायला लागतं. आजच्या छपरांखाली तुमचे पेरू दिसतात. पणती लहान म्हणून ती पुष्कळ काम घरीच करते. एकदा तिच्या खांद्यावरून मी सहज वाकून पाहिलं आणि खुर्चीची पाठ धरली. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता, आणि त्याच्या शेपटीला तुम्ही काढायचात ते मोरपीस.

तुम्हाला ते दिवस आठवत असतील. महाराजांचं राज्य विलीन झालं तेव्हा तुमच्या ऑफिसावरची पाटी बदलली आणि मध्य भारत असं आलं. तुम्ही घरी येऊन म्हणालात, पाटी बदलली, टेबल तेच आहे. मग दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली, राजधानी भोपाळला ठरली, आणि या खेपेला टेबलच राहिलं नाही. नकाशे पत्र्याच्या नळकांड्यांत भरून बाहेर काढत होते. मी तेव्हा दुकानात लागलेलो होतो, मिसरूड फुटलेला. तुमचा डबा घेऊन आलो तर तुम्ही जिन्यात बसून एकेका नळकांड्याला मेण लावत होतात, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ठेव तिथे. फाटलेले, डाग पडलेले ट्रेसिंगच्या कापडाचे तुकडे ज्याला हवे त्याने न्यावेत असं झालं होतं. तुम्ही एक गठ्ठा आणलात. आई चुलीवर मोठं पातेलं चढवते, त्यात सोडा टाकते, आणि ते कापड उकळायला घालते. खळ सुटते, पाणी पेजेसारखं पांढरं होतं, मग काळपट होतं, कारण शाईपण उतरायला लागते. आई लाकडाने ढवळते आणि म्हणते, काय मऊ कापड हो, सरकारने फुकट घालवलं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्या पातेल्याकडे बघत होतात. सगळं लष्कर त्यात विरघळत होतं. तुम्ही जेवला नाहीत त्या दिवशी. त्याच कापडाचं झबलं तुम्ही पुढे माझ्या मुलाच्या बारशाला दिलंत. पाठीवर एका गल्लीची पुसट रेघ राहिली होती, ती कितीही धुतलं तरी गेली नाही.

आणि त्याच वर्षी मारुती हलवला. रस्ता सरळ करायचा होता. मारुती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, मोठ्या चौथऱ्यावर होता, आणि त्या चौथऱ्याची एक कड आखलेल्या रेघेत येत होती. हे सगळं मी तुम्हाला सांगतो आहे, पण खरं तर स्वतःलाच सांगतो आहे, कारण इतकी वर्षं मनातसुद्धा म्हटलेलं नाही. मारुती स्वयंभू. स्वयंभू देव जागचा उठवला तर वस्ती उजाड होते, असं सगळे म्हणत होते, आणि आधीच निम्मी माणसं भोपाळला निघालेली, तेव्हा कुदळ लावायला कुणी पुढे येईना. मग मारुतीची पूजा करणाऱ्या गुरुजींनी तोड काढली. देव उचलायचा, रस्त्याच्या अलीकडे बसवायचा, आणि त्या क्षणापासून तो पहिल्यापासून तिथेच होता असं समजायचं. हलवला असं कुणी म्हणायचं नाही. कुणी म्हटलंच नाही तर तो हललाच नाही. वस्तीतल्या मराठी घरांच्या कर्त्या पुरुषांनी तुळशीपत्र आणि पाणी हातावर घेतलं. तुम्ही घरी आलात तेव्हा हात ओलाच होता. आईला म्हणालात, आजपासून मारुतीबद्दल या घरात बोलायचं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "तुझ्यावरही आहे. तुझ्या पोरांवरही. ज्याच्या तोंडून निघेल त्याच्या घरात पाळणा हलायचा नाही." मला तेव्हा हसू आलं होतं, कारण माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. तुम्ही हसला नाहीत.

दोन दिवसांनी गुरुजी घरी आले. तुमच्याकडे त्या भागाचा एक नकाशा अजून बांधायचा राहिला होता, ते त्यांना कळलं होतं. त्यांचं म्हणणं, तोंडं बंद झाली, आता कागदही बंद करा. पात्याने मारुतीची खूण खरवडा आणि रस्त्याच्या अलीकडे काढा. तुम्ही चहा दिलात आणि नाही म्हणालात. ते गेल्यावर मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, अण्णा, एक ठिपका तर आहे, काढून टाका. तुम्ही मला कधी रागावत नसत, पण त्या दिवशी आवाज चढला. "तो ठिपका नाही. तिथून पुढचं सगळं मोजलेलं आहे. आज मी तो सरकवला, तर उद्या कुणीतरी सपाट जमीन समजून पाण्यात पाय घालील." आणि नकाशा जसा होता तसा नळकांड्यात गेला. भोपाळला तुम्ही गेला नाहीत, मुदतीआधी घरी बसलात, पण तो गेला.

वस्तीने शपथ इतकी चांगली पाळली की मुलांना कळलंच नाही, आणि नातवंडांपर्यंत तर देऊळ कितीतरी शतकांचं झालं. आता दारावर प्राचीन सिद्ध हनुमान मंदिर अशी हिंदी पाटी आहे. मारुती म्हणणारी आता आपली दोनचार घरं. गुरुजींचा नातू तिथे असतो, तो भक्तांना सांगतो की ही जागा रामाच्या वेळेपासूनची आहे. त्याला दोष काय द्यायचा. नातसुनेनेही तेच केलं. न हललेली जागा हवी होती, देवाहून न हललेलं काय असणार. तुमच्या नकाशातला मारुती तिने उचलून आजच्या देवळावर टाचला. तेव्हापासून तिची कुरकुर सुरू झाली. मी वर्तमानपत्र घेऊन शेजारी बसलो होतो. ती म्हणाली, "नाना, ये एक पॉइंट बैठ ही नहीं रहा. पूल बसला, बाडा बसला, हा मारुती तेवढा सगळं खेचतो." मी म्हटलं, मग काढून टाक. तर म्हणाली, त्या कडेला दुसरी खूणच नाही, सगळ्या बागा होत्या, हा काढला तर कोपरा लोंबतो. मग माझ्याकडे वळून सरळ विचारलं, देऊळ पहिल्यापासून इथेच आहे ना. मी म्हटलं, लोक तसंच म्हणतात. हे खोटं नव्हतं, अण्णा. लोक तसंच म्हणतात.

तिने ती खूण ठेवली. नकाशा ओढला गेला तसा बसला, आणि तुमची बावडी, तो पायऱ्यांचा काळा चौकोन, समोरच्या घराखाली आला. समोर एक बाई राहतात. शाळेत गणित शिकवत होत्या, आता एकट्या. आपल्यातल्याच, साताऱ्याकडून आलेलं शिपायांचं घराणं, आणि जिभेला अजून धार आहे. त्यांच्या दारावर नोटीस लागली की तपासणी होईपर्यंत घर खाली करा. त्या ती नोटीस हातात घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "नाना, सगळ्यात जुने तुम्ही. खरंच माझ्या चुलीखाली बावडी होती का? मी इतकी वर्षं नाचणीच्या भाकरी थापल्या तिथे, कधी हललं नाही." मी म्हटलं, आठवून सांगतो. त्या जाताना हसून म्हणाल्या, तुमचं नशीब बरं, बावडी गल्ली ओलांडून आली नाही. त्यानंतर मी मागच्या खोलीत गेलो आणि फरशीवर हात ठेवून बसलो. बाहेर उन्हाची लू चाललेली, आणि फरशी मडक्यासारखी गार. मला नकाशे येत नाहीत. पण मारुती रस्त्यापलीकडे होता, आणि तिथे तो परत नेला तर त्याच्याबरोबर सगळा कागद तेवढाच सरकणार, बावडीसकट, हे समजायला शाळा लागत नाही. तसबीर चौकटीत तिरकी बसली की मी तेच करतो. एक कोपरा दाबला की दुसरा येतो.

तेव्हापासून झोप नाही, आणि मी घरात सगळ्यांना नकोसा झालो आहे. म्हटलं, पाळणा पुढच्या खोलीत घ्या, ओल आहे, पोरीला बाधेल. नातवाने एक दिवस घेतला. पोर उकाड्याने इतकी रडली की संध्याकाळी परत आत टांगला. नातू म्हणाला, नाना, तुम्हाला काही ना काही टेन्शन पाहिजेच. मग मी दिवसभर त्या खोलीच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायला लागलो. पाळण्याची कडी कुरकुरली की उठायचो. काय करणार होतो उठून, ते मला माहीत नाही. बोललो तर तुमची शपथ, पाळणा हलायचा नाही. न बोललो तर पाळण्याखाली ते. दोन्हीकडून तोच पाळणा, अण्णा. तुम्ही शपथ घालताना दुसरं काहीतरी म्हणाला असतात तर.

उंबऱ्यात बसून मी तुमच्याशी भांडलो, तेही सांगतो. तुम्ही तोंडाने शपथ पाळलीत, पण हाताने नाही. गुरुजींना नाही म्हणालात. मारुती कागदावर जिथल्या तिथे ठेवलात आणि कागद अशा ठिकाणी पाठवलात जिथे वस्तीचा हात पोचणार नव्हता. मग तुम्ही ते कुणासाठी ठेवलं होतं? पुढे कुणी बघावं असं मनात होतं, की निव्वळ खाडाखोड करायचा कंटाळा? तुमच्या मनात काय होतं हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. शेवटच्या दुखण्यात मी पाय चेपत होतो तेव्हा तुम्ही दोनदा विचारलंत, रस्ता झाला का पूर्ण. मी म्हटलं, कधीच झाला. तुम्ही मान हलवलीत. मी विचारायला हवं होतं. मला वाटलं वातात बोलता आहात.

आता खरं लिहितो. इथवर परवानगी मागतो आहे असं लिहीत आलो, पण मी आज सकाळीच सांगून टाकलं. बाईंच्या दारात टेम्पो उभा होता. त्या लोणच्याची बरणी साडीत गुंडाळून स्वतःच्या हातात घेऊन चालल्या होत्या, हमालाला देत नव्हत्या. ते बघितलं आणि आत येऊन नातसुनेला म्हटलं, "मारुती हलवला होता. आता पंक्चरवाला बसतो तिथे होता. मी पाहिलं आहे." ती पोरीला भरवत होती. तिने वाटी खाली ठेवली, पोर माझ्या मांडीवर देऊन कॉम्प्युटर उघडला. देवळावरची टाचणी काढून पंक्चरवाल्याच्या टपरीवर टोचली. कागद सरकला. पूल, बाडा, किल्ल्याच्या पायथ्याचा दरवाजा, सगळं एकदम जागच्या जागी बसलं. काळा चौकोन बाईंच्या घराखालून निघाला, गल्ली ओलांडली आणि आमच्या मागच्या खोलीखाली येऊन थांबला. चौकोनाची कड खोलीच्या भिंतीला नेमकी लागली होती.  तिने उठून मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि नवऱ्याला फोन करून म्हणाली, घरी या, आत्ता. बाईंना तिनेच जाऊन सांगितलं. टेम्पो परत गेला. बाई माझ्यापर्यंत आल्या, बरणी अजून हातातच होती, आणि म्हणाल्या, "कधीपासून ठाऊक होतं, नाना?" मी मांडीवरच्या पोरीचं झबलं सारखं करत बसलो. त्या गेल्या.

आम्ही सगळे आता पुढच्या ओसरीत आहोत, कूलर लावून. उद्या माणसं जमीन तपासायला येतील, तोवर आत जायचं नाही असं नातू म्हणतो. माझ्याशी फारसं बोलत नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळतं. मघाशी पणती दोनदा शिंकली. नातसून म्हणाली, कूलरची हवा लागली असेल. असेल. पण शपथ मोडली असेल तर ती माझ्या तोंडून मोडली, पोरीच्या नाही, एवढं तुम्ही मारुतीला सांगा. तुम्ही त्याला ओळखता, कुठे होता आणि कुठे नेला दोन्ही तुम्हाला माहीत आहे. तुमच्याकडून काही येईपर्यंत मी तिला मांडीवरून खाली ठेवणार नाही, आणि माझे गुडघे आता फार वेळ धरत नाहीत. काय असेल ते लवकर कळवा, अण्णा.